कॉर्टेक्समधल्या चेतापेशींची जोडणी: आकृती काढताना या चुका टाळा

परीक्षेत कॉर्टेक्सचं, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचं, सर्किट काढायला सांगितलं की ठरलेलं चित्र उतरतं. सहा थरांच्या आडव्या रेघा, थॅलॅमसकडून (संवेदना कॉर्टेक्सकडे पोचवणाऱ्या मेंदूतल्या भागाकडून) चौथ्या थरात शिरणारा बाण, तिथून दुसऱ्या-तिसऱ्यात, मग पाचव्यात आणि पाचव्यातून बाहेर. मार्क मिळून जातात. पण वर एखादा ‘का’ विचारला की हे चित्र गडगडतं. कोण कोणाला जोडलंय एवढंच त्यात असतं. ती जोडणी समोरच्या पेशीच्या कुठल्या भागावर होते, हे नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे इनहिबिटरी, म्हणजे दाबणाऱ्या, पेशींना सरसकट ‘ब्रेक’ समजणं. कॉर्टेक्समध्ये साधारण ८० टक्के चेतापेशी ग्लुटामेट हे रसायन सोडणाऱ्या, उत्तेजित करणाऱ्या असतात, बहुतेक पिरॅमिडल (पिरॅमिडच्या आकाराच्या). उरलेल्या २० टक्क्यांच्या आसपास गाबा हे दाबणारं रसायन सोडणारे इंटरन्यूरॉन. विद्यार्थी या सगळ्यांसाठी एकच लाल गोळा काढून मोकळे होतात. प्रत्यक्षात बास्केट पेशी पिरॅमिडल पेशीच्या धडाला वेढतात. शँडेलिअर पेशी बरोबर ॲक्सॉनच्या (संदेश बाहेर नेणाऱ्या तंतूच्या) सुरुवातीच्या तुकड्यावर बसतात, जिथे संदेश उमटतो. मार्टिनॉटी पेशी आपला ॲक्सॉन वर पहिल्या थरापर्यंत नेऊन डेंड्राइट्सच्या (संदेश घेणाऱ्या फांद्यांच्या) टोकांवर काम करतात. पहिल्या दोन प्रकारांचा पेशी कधी बोलणार यावर ताबा, तर तिसऱ्याचा ती काय ऐकणार यावर.

याशिवाय व्हीआयपी नावाचे इंटरन्यूरॉन आहेत. ते मुख्यतः मार्टिनॉटीसारख्या पेशींनाच दाबतात. दाबणारीलाच दाबलं की पिरॅमिडल पेशी मोकळी होते. म्हणजे गाबा सुटला आणि तरी पुढची हालचाल वाढली! म्हणून उणे चिन्ह दिसलं की ‘क्रिया मंदावते’ असं लगेच लिहू नका. साखळी शेवटपर्यंत मोजा.

हे नुसतं पुस्तकी नाही. ड्रॅव्हे सिंड्रोम या एपिलेप्सीच्या (अपस्माराच्या) आजारात बाळाला पहिल्या वर्षातच, बहुधा तापात, झटके सुरू होतात. बहुतेक रुग्णांमध्ये एससीएन१ए या जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे एका प्रकारची सोडियम चॅनेल्स (पेशीत सोडियम आत घेणारी दारं) कमी पडतात. सोडियम कमी म्हणजे उत्तेजना कमी, मग झटके कसे? ही चॅनेल्स प्रामुख्याने इंटरन्यूरॉनना लागतात; तेच ढेपाळतात आणि पिरॅमिडल पेशींना आवरणारं कोणी उरत नाही. कार्बामाझेपिनसारखी सोडियम चॅनेल रोखणारी औषधं इतर कित्येक एपिलेप्सींत चालतात, पण या आजारात झटके वाढवू शकतात. लाल गोळेवाल्या आकृतीतून हे कधीच कळणार नाही.

दुसरी चूक थॅलॅमसच्या जाडजूड बाणाची. मांजराच्या दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये मोजणी झाली तेव्हा चौथ्या थरातल्या पेशींवरच्या उत्तेजक सिनॅप्सपैकी (पेशींमधल्या जोडांपैकी) थॅलॅमसचे जेमतेम दहा टक्के किंवा त्याहून कमी निघाले. बाकीचे बहुतेक कॉर्टेक्सचेच. थॅलॅमसचा आवाज पोचतो, कारण त्याचे बरेच ॲक्सॉन एकाच वेळी बोलतात. आणि सहाव्या थरातून थॅलॅमसकडे परत जाणारा बाण काढायला विसरू नका. तो जवळपास हमखास राहतो.

‘शेजारी आहेत म्हणजे जोडलेल्या आहेत’ हीसुद्धा तशीच घाईची समजूत. २०२५ मध्ये उंदराच्या दृष्टीच्या कॉर्टेक्सचा सुमारे एक घन मिलिमीटर तुकडा तपशीलवार नकाशासह प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाखांवर पेशी आणि पन्नास कोटींवर सिनॅप्स आहेत. एवढ्या दाटीत कोण कोणाला चिकटून जातंय याला फारसा अर्थ नाही. लोकलच्या गर्दीत खांद्याला खांदा लागला म्हणून ओळख होत नाही ना! इंटरन्यूरॉन हाताशी आलेल्या पेशींतूनही निवड करतात, असंच त्या नकाशात दिसलं.

आता एक बारीक, पण मला फार आवडणारी गोष्ट. एकच पिरॅमिडल पेशी, तिचा एकच ॲक्सॉन. त्याच्यावरून पाठोपाठ पाच-सहा संदेश सोडले तर बास्केट पेशीत पहिला ठोका जोरदार लागतो, पुढचे उतरत जातात. त्याच ॲक्सॉनच्या मार्टिनॉटी पेशीवरच्या सिनॅप्सला पहिले एक-दोन ठोके जेमतेम जाणवतात, पुढचे चढत जातात. तेव्हा ‘या पेशीचा सिनॅप्स बळकट आहे’ हे विधान अर्धवट आहे. कोणावरचा आणि कितव्या ठोक्याला, तेही लिहा.

किरकोळ पण मार्क कापणारं: सगळी जोडणी रासायनिक नसते. बास्केट पेशी आपापसात गॅप जंक्शननेही जोडलेल्या असतात, तिथे विद्युतप्रवाह थेट जातो. गाबा प्रौढ मेंदूत सहसा दाबतो, पण गर्भातल्या अपक्व पेशींत क्लोराइड जास्त असल्याने तो उलट विध्रुवण घडवू, म्हणजे पेशीला उत्तेजनेकडे ढकलू शकतो. आणि मोटर कॉर्टेक्स (हालचाली घडवणारा भाग) काढायला सांगितला असेल तर चौथा थर ठळक रंगवू नका, तो तिथे नीट दिसतच नाही. त्याऐवजी पाचव्या थरात बेट्झ पेशी (तिथल्या अवाढव्य पिरॅमिडल पेशी) मोठ्या काढा आणि त्यांचे ॲक्सॉन थेट मज्जारज्जूपर्यंत उतरवा.