लहान लेकराचे दात रात्री कसे घासायचे, तोंड मिटून बसलं तरी

"दुधाचेच त दात आहेत, पडतीनच ना." अंगणवाडीत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता कानावर पडलं की डोकंच फिरतं. पडतात, बरोबर आहे, पण कधी? समोरचे सहा-सात वर्षाला, आणि मागच्या दुधाच्या दाढा थेट दहा ते बारा वर्षाला. म्हणजे तीन वर्षाच्या लेकराची दाढ किडली तर पुढची सात-आठ वर्षं त्याला त्याच दाढेनं भाकर चावायची आहे. आणि ती लवकर काढावी लागली तर बाजूचे दात सरकून जागा खातात, मग खालून येणारा पक्का दात वाकडा निघतो.

माझ्या मोठ्या पोराचे वरचे समोरचे चार दात तीन वर्षाच्या आत किडून काळे खुंट झाले होते. साखर टाकलेलं दूध बाटलीत, अन बाटली तोंडात ठेवूनच झोपायचा. मला वाटायचं, दूधच तर पिऊन राहिला, त्यानं काय होते. झोपेत तोंडातली लाळ कमी होते, गोड तसंच दातावर बसून राहते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. धाकट्या दोघांच्या वेळी मी हे सगळं नीट शिकले आणि तेच लिहून राहिले.

सामान

छोट्या डोक्याचा मऊ ब्रश, फ्लोराईडची (दाताला किडीपासून वाचवणारं द्रव्य) पेस्ट, मोबाइलचा टॉर्च. राखुंडी, कोळसा, लाल मंजन लेकराच्या दाताला लावायचं नाही, दाताचं वरचं आवरण घासून जाते. आणि घरातली बुढी तंबाखूची मशेरी लावत असेल तर तिचं बोट लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नका, मग घरात भांडण झालं तरी चालेल.

पेस्ट किती

पहिला दात दिसला की सुरू करायचं, म्हणजे साधारण सहा महिन्यापासून. तीन वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पट्टा दाखवतात, तो विसरा. डब्यामागे फ्लोराईड 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागात किती भाग, ते माप) आसपास लिहिलेलं पाहा. कार्टून छापलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराईड फार कमी असते नाहीतर नसतेच, त्या गोड चवीपुरत्या.

पण आपल्या यवतमाळ, चंद्रपूरकडं कितीतरी गावात बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, आणि जास्तीच्या फ्लोराईडनं दातावर पट्टे येतात. गावातल्या मोठ्या पोट्ट्यांच्या दातावर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर आधी ग्रामपंचायतीत पाण्याचा रिपोर्ट मागा. लिटरला 1.5 मिलिग्रामच्या वर असेल तर लेकराला त्या बोअरचं पाणी प्यायला देऊ नका, आणि पेस्टचं दाताच्या डॉक्टरला विचारून ठरवा. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटते अन ते उलट घट्ट होते. हे पट्टे घासून निघत नाहीत, म्हणून लेकराला रागावू नका.

आता खरं अवघड काम: घासणं

एक ते तीन वर्षाचं लेकरू तोंड उघडत नाही. उघडलं तर चावते. यातच सगळे हरतात आणि ब्रश त्याच्याच हातात देऊन मोकळे होतात. लेकराच्या हातानं दात स्वच्छ होत नाहीत, सात-आठ वर्षाचं होईपर्यंत होत नाहीत. त्याला ब्रश चघळू द्या, खेळू द्या, पण एक हात तुमचाच फिरला पाहिजे.

माझी पहिली चूक वेळेची होती. मी अंथरुणावर पडायच्या वेळी घासायला जायची. तोपर्यंत ते झोपेला आलेलं, मी दिवसभर थकलेली, कापूस वेचणीच्या दिवसात तर डोळे उघडे राहत नव्हते. दोघंही रडायच्या बेतात, मग कसलं घासणं. वर्षभर असंच घालवलं. सांच्याला जेवण झाल्याबरोबर घासा, सात-साडेसातला, ते खेळण्याच्या मूडमध्ये असताना. त्यानंतर फक्त पाणी. दूध द्यायचं तर घासायच्या आधी द्या. अंगावरचं दूध तोडा असं मी म्हणत नाही, पण वर्षाच्या वरचं लेकरू रात्रभर तोंडात घेऊन झोपत असेल तर ते हळूहळू कमी करा.

दुसरी चूक, समोर उभं करून घासायची. समोरून काहीच दिसत नाही आणि ते मान मागं खेचते. खाली मांडी घालून बसा, लेकराला उताणं झोपवा, त्याचं डोकं तुमच्या मांडीत, पाय तुमच्यापासून दूर. वरून पूर्ण तोंड दिसते. फार हात मारत असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला समोर बसवा, टोंगळ्याला टोंगळे लावून, लेकराचं डोकं तुमच्या मांडीवर अन पाय त्याच्या कमरेभोवती, हात त्यानंच धरायचे. नवऱ्याला सांगा, टीव्ही नंतर पाहा म्हणा, दोन मिनिटाचं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. वरच्या ओठाच्या आत मधोमध कातडीची एक पातळ दोरी असते, हिरडीला जोडलेली. ब्रश तिला लागला की जीव जाते. माझी पोरगी ब्रश पाहिला की किंचाळायची, आम्ही म्हणायचो हट्टी आहे. हट्टी नव्हती, दुखत होतं तिला. डाव्या हाताच्या बोटानं ओठ वर उचला आणि त्या दोरीवर तेच बोट आडवं ठेवा, मग ब्रश बोटाला लागेल, दोरीला लागणार नाही. तीन-चार दिवसात तिचं किंचाळणं बंद झालं.

तोंड मिटलं तर गालाच्या आतून बोट हळूच मागं सरकवा, शेवटच्या दाढेच्या मागं फक्त हिरडी असते, तिथं बोट ठेवलं की तोंड आपोआप उघडते आणि बोट चावलं जात नाही. कोणी म्हणते नाक दाबा, उघडते. अजिबात दाबू नका, लेकरू घाबरते अन ठसका लागते. "सुई देणारा डॉक्टर येईल" असं भेवही दाखवू नका, उद्या खरंच दाताच्या डॉक्टरकडं न्यावं लागलं तर तेच अंगावर येते.

सुरुवात मागच्या दाढांपासून करा, समोरचे दात शेवटी. हिरडी आणि दात जिथं भेटतात तिथं ब्रश थोडा तिरपा धरून छोटे गोल फिरवा. जोर नको. मी मोठ्यानं आकडे म्हणते, एका बाजूला दहा, मग लेकराला माहीत असते की संपणार आहे. रडलं तरी दहा पूर्ण करा आणि तिथंच थांबा. रडताना तोंड उघडंच असते, तेव्हा चांगलं घासून होते. ताप असेल, तोंडात फोड असेल त्या दिवशी जाऊ द्या.

घासून झाल्यावर थुंकायचं, चुळा भरायच्या नाहीत, थोडी पेस्ट दातावर राहिली पाहिजे. सकाळी पुन्हा एकदा, पण रात्रीचं चुकलं तर सकाळच्यानं भरून निघत नाही.

खाणं

चहा-बिस्कीट दिवसातून पाच वेळा नको. गोड जेवणासोबत एकदाच खाल्लेलं बरं, दिवसभर थोडं थोडं खाल्लेलं वाईट. गूळही दाताला साखरच आहे.

महिन्यातून एकदा ओठ वर करून पाहा

टॉर्च मारा. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात, अजून खड्डा झालेला नाही, घासणं सुधारलं तर थांबू शकते. फ्लोराईडचे पट्टे वेगळे, ते आडवे अन दोन्ही बाजूच्या दातांवर सारखे असतात. तपकिरी झालं, खड्डा पडला तर लवंग तेल लावत बसू नका, दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम लेकरांची तपासणी करायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा अन शाळेत एकदा येते, त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, मोठं काम असेल तर तिथं जाता येते.

सहाव्या वर्षाची दाढ

साधारण सहा वर्षाला सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागं एक नवीन दाढ येते, कोणताही दात न पडता. म्हणून मायबापाला वाटते ही पण दुधाचीच. ही पक्की आहे, आयुष्यभराची. वर येताना ती बाकीच्यांपेक्षा बुटकी असते, ब्रश वरून जातो अन तिला लागतच नाही, तिच्या खाचांत अन्न अडकून तिथूनच कीड धरते. तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत घालायचा. ती पूर्ण वर आली की दाताच्या डॉक्टरला "सीलंट लावता येईल का" असं विचारा, त्या खाचा भरून घेतात, सुई लागत नाही, दुखत नाही.