लिनक्स बसवून देण्याचा मेळावा भरवताना

विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व ठरावीक प्रोसेसरांची अट असल्यामुळे एरवी धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप अडगळीच्या वाटेला लागले. अशा वेळी सांगली-मिरजेतील एखाद्या संगणक मंडळाने एका रविवारी लोकांना मोफत लिनक्स (विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) बसवून द्यायचे ठरवले, तर गर्दी जमेल की नाही याची चिंता नसते. खरी चिंता असते ती आलेल्या माणसाची एकही फाईल न गमावता त्याला घरी पाठवण्याची. आमच्या मंडळाच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, सर्वांत जाणता स्वयंसेवक लॅपटॉपांच्या रांगेत न ठेवता दाराजवळच्या नोंदणीच्या टेबलावर बसवावा आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार द्यावा.

तारीख ठरवताना जुलै आणि ऑगस्ट सोडून द्यावेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात किती आत आले होते हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि पाणी नुसते वाढू लागले तरी कुणी लॅपटॉप घेऊन घराबाहेर पडत नाही. त्याखेरीज परीक्षांचे दिवस टाळावेत आणि देखभालीसाठी वीज बंद राहणार नाही ना, हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावे. जागा विश्रामबागेत किंवा बसस्थानकाजवळ मिळाली तर तासगाव, जतकडून येणाऱ्यांना परतीची एसटी गाठता येते.

नोंदणीच्या टेबलावर पहिला प्रश्न लॅपटॉपचा नसून कामाचा असावा. सांगलीत हळदीची, बेदाण्याची अडत पाहणारे, कर सल्लागारांकडे काम करणारे असे बरेच जण येतात; त्यांचे सगळे हिशेब टॅलीत असतात आणि सहीसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते. टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे. अशा माणसाला उत्साहाच्या भरात लिनक्स बसवून दिले, तर सोमवारी सकाळी त्याचे दुकान अडते. त्याला नम्रपणे परत पाठवावे, किंवा फार तर विंडोज जागेवर ठेवून पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवावे. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत टाइप केलेला असेल, तर तो फाँट नसलेल्या यंत्रावर नुसती अक्षरांची खिचडी दिसते, हेही आधीच सांगून टाकावे.

दुसरा प्रश्न बॅकअपचा. ‘महत्त्वाचे काही नाही’ या उत्तरावर कधीही विश्वास ठेवू नये. डेस्कटॉप आणि डाउनलोडचा फोल्डर उघडून मालकासमोर पाहावे. बॅकअप नसलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नियम जाहिरातीतच मोठ्या अक्षरांत छापलेला बरा, कारण तो दारात पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास वाद घालतो.

तिसरी तपासणी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, आणि ही आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर आम्ही सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद केले आणि यंत्र पुन्हा सुरू होताच निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ती की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. पण ते खाते लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलवर उघडून दिले होते, याची तिला कल्पनाही नव्हती. रविवारी दुकान बंद. दोन तास फोनाफोनी केल्यावर ते अंक मिळाले, आणि एकाने वाचायचे, दुसऱ्याने टाइप करायचे, असे सहा-सहाच्या गटांनी ते भरले. तेव्हापासून बिटलॉकर चालू असेल, तर की कागदावर उतरवून झाल्याशिवाय आम्ही बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरत नाही. फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न करता झटपट सुरू करण्याची सोय) विंडोजमध्येच बंद करून घ्यावे, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या तिच्या भागावर) काही लिहिता येत नाही.

विजेचा हिशेब कागदावर मांडावा. ६५ वॅटचे २० चार्जर म्हणजे १३०० वॅट. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॅट असते, म्हणजे आकडा बसतो खरा, पण एकाच बोर्डाला सगळे जोडले की प्लगपाशी वास येऊ लागतो. दोन-तीन वेगवेगळ्या सॉकेटांवर भार वाटावा. चार्जर सारखेच दिसतात, म्हणून लॅपटॉप व चार्जर दोन्हींवर कागदी चिकटपट्टी लावून एकच क्रमांक लिहावा. त्याच पट्टीवर बूट मेनूची, म्हणजे यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करण्याची, कळ लिहून ठेवली (डेल व लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९), तर पुढच्या स्वयंसेवकाचा वेळ वाचतो.

लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची आयएसओ फाईल (बसवण्याची प्रत) ३ जीबीच्या आसपास असते. ती आदल्या दिवशी उतरवून तिचा शा-२५६ चेकसम (फाईल नीट उतरली का हे दाखवणारी अक्षरमालिका) जुळवून पाहावा आणि व्हेंटॉय किंवा रूफस या साधनाने आठ-दहा पेनड्राइव्ह तयार करून प्रत्येक एकदा तरी चालवून पाहावा. पेनड्राइव्हचा दोष असताना लॅपटॉपला बोल लावण्यात आमची एक पूर्ण दुपार गेली आहे.

बसवण्याचे काम त्या मानाने सरळ आहे. आधी लाइव्ह पद्धतीने, म्हणजे डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज, टचपॅड तपासावेत. वायफाय दिसत नसेल, तर मोबाइल यूएसबीने जोडून ड्रायव्हर उतरवता येतो. विंडोज ठेवायचे असल्यास तिचे पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करावे. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर कारण बहुधा इंटेल आरएसटी (बायोसमधील डिस्क हाताळण्याची एक सेटिंग) असते. ती सेटिंग परस्पर बदलली, तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून असे यंत्र नवख्याने जाणत्याकडे द्यावे. डिस्क पुसण्याचा पर्याय निवडण्यापूर्वी मालकाला खुर्चीवर बसवावे आणि ते बटण त्यालाच दाबायला लावावे.

लॅपटॉप परत देताना मालकाने तो स्वतः सुरू करून वायफाय जोडावे, कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी निवडून स्वतःचे नाव टाइप करावे आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहावा. घरचा प्रिंटर हटकून अडतो. म्हणून पुढच्या रविवारी त्याच जागी दोन तास दोन स्वयंसेवक बसतील असे परतीच्या चिठ्ठीवर छापावे, आणि प्रिंटरचे मॉडेल लिहून आणायला सांगावे.