ॲलाय डेक बांधताय? आधी पत्ते कुठून ओढणार ते ठरवा

चवथीच्या सुट्टीत 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम' हा मिळून खेळायचा पत्त्यांचा खेळ घेऊन बसायचा बेत असेल, तर डेक (आपली पत्त्यांची गड्डी) आदल्या रात्री बांधू नका, आठवडाभर आधी बांधा. ॲलाय, म्हणजे हिरोंचे साथीदार, भरलेल्या डेकची ही यादी 2011 च्या मूळ पेटीवर बेतलेली आहे. किमान 50 पत्ते, एका नावाच्या जास्तीत जास्त 3 प्रती, वगैरे पुस्तिकेतच आहे. पन्नासच ठेवा, साठ नकोत.

हिरो अ‍ॅरागॉर्न, थिओड्रेड आणि बेरावोर. थ्रेट (धोक्याचा आकडा, कमी तितका बरा) 12, 8 आणि 10, म्हणजे सुरुवातच 30 वर. जास्त आहे, मान्य. पण स्वस्त ॲलाय उतरवायचे तर लीडरशिप (पत्त्यांच्या गटांपैकी एक) हवीच, आणि बेरावोर हवी ती पत्त्यांसाठी. माझ्या मागच्या डेकमध्ये नेमकं हेच राहून गेलं होतं: पत्ते ओढायची सोय.

हिशेब सोपा आहे, तरी कुणी करत नाही. सुरुवातीला हातात 6 पत्ते, दर फेरीला 1 नवा. तीन हिरोंचे 3 रिसोर्स (पत्ते उतरवायचे पैसे), त्यात हिरोला लावायचा स्टीवर्ड ऑफ गोंडोर हा पत्ता लवकर लागला की आणखी 2. पाचांत दोन ॲलाय आरामात उतरतात. येतो एक, जातात दोन. सहाव्या फेरीअखेर हात रिकामा. मग हिरोंवर रिसोर्सच्या टोकनांचा ढीग साचतो आणि उतरवायला काही नसतं. पैसे आहेत, बाजार बंद.

म्हणून ओढणारे पत्ते आधी मोजून बाजूला काढा, ॲलाय नंतर. गँडाल्फ 3, व्हॅलियंट सॅक्रिफाइस 2, ग्लिओवाइन 2, लोरिएन्स वेल्थ 2, गँडाल्फ्स सर्च 1. झाले दहा. शिवाय स्नीक अटॅकच्या दोन्ही प्रती: 1 रिसोर्स देऊन गँडाल्फ मैदानात, येताच 3 पत्ते, आणि फेज (फेरीतला टप्पा) संपली की तो परत तुमच्या हातात. पाच रिसोर्सचा म्हातारा एकात. व्हॅलियंट सॅक्रिफाइस तर याच डेकसाठी केल्यासारखा आहे, ॲलाय मेला की 2 पत्ते, आणि ॲलाय मरणारच. बेरावोरला क्वेस्टवर (मोहिमेवर) पाठवू नका. तिचं काम आडवं होऊन (पत्ता आडवा केला की तो वापरून झाला) 2 पत्ते देणं, तेही फेरीत एकदाच. 'एकदाच' हे नंतरच्या दुरुस्तीत आलंय, जुन्या पत्त्यावर सापडणार नाही.

स्टीवर्ड कुणाला लावायचा? विकत घ्यायला लीडरशिपचे 2 लागतात, पण लावता कुणालाही येतो. लोरचे (बेरावोरच्या गटाचे) पत्ते हातात अडकून राहत असतील तर बेरावोरला लावा. मूळ पेटीत त्याच्या दोनच प्रती. पहिल्या हातात, मलिगन (पहिला हात एकदा बदलून घेणं) धरूनही, तो लागायची शक्यता जेमतेम 40 टक्के. तेव्हा तो येईलच असं धरून सगळा डेक महाग करू नका.

ॲलाय 25 च्या आसपास. गार्ड ऑफ द सिटाडेल तिन्ही, फारामिर दोन्ही. फारामिर आडवा केला की निवडलेल्या खेळाडूच्या प्रत्येक पात्राला +1 विलपॉवर (क्वेस्टवरची ताकद). सहा जण क्वेस्टवर असतील तर सरळ +6. स्नोबोर्न स्काउट एका रिसोर्सचा म्हणून तीन घ्याल, पण एका जिवाचे (एका इजेत मरणारे) ॲलाय किती झाले ते मोजा. सिल्व्हरलोड आर्चर आणि डॉटर ऑफ द निमरोडेलही एकाच जिवाच्या. विरोधी गड्डीतला नेक्रोमॅन्सर्स रीच उलटला की आडव्या असलेल्या प्रत्येक पात्राला 1 इजा, आणि क्वेस्टवर गेलेले सगळे आडवेच असतात. अख्खी रांग एका पत्त्यात साफ. निमरोडेलची कन्या वाचवेल म्हणाल, तर ती फक्त हिरोंना बरं करते, नीट वाचा.

आणखी एक सवय मोडा. अंगावर आलेल्या प्रत्येक शत्रूपुढे स्काउट ढकलायचा नाही. हिल ट्रोलचा हल्ला 6. स्काउटचा बचाव 1, जीव 1. उरलेले 4 थेट तुमच्या थ्रेटमध्ये. अँड्युइनच्या क्वेस्टमध्ये हा ट्रोल सुरुवातीपासून टेबलावर असतो आणि 30 थ्रेटला अंगावर येतो, म्हणजे या डेकवर पहिल्याच फेरीत. तो अ‍ॅरागॉर्नने अडवायचा.

दोघं खेळणार असाल तर डेक बांधण्याआधी बोलून घ्या: युनिक पत्त्याची एकच प्रत टेबलावर चालते. दोघांनीही स्टीवर्ड, फारामिर भरले तर एकाचे वाया.

बाकी पटापट. 63.5 बाय 88 मिलिमीटरच्या स्लीव्ह घाला. पावसात बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) उघडे ठेवलेले पत्ते दोन दिवसांत वाकतात आणि मग पाठीवरूनच ओळखू येतात. डब्यात सिलिका जेलची पुडी. पंख्याखाली बसू नका. टोकनं मोजून घ्या.

आणि सहा-सहाचे दहा हात वाटून पाहा. ओढणारे दहा असतील तर चारांतला एखादा हात त्यांच्याविना येतो. दहांपैकी पाच-सहा तसे आले तर पिसणं सुधारा किंवा पत्ते परत मोजा. ॲलाय नव्हेत. ओढणारे.