वर्तुळाभोवती वस्तू समान अंतरावर कशा मांडाव्यात?

वर्तुळावर बारा ठिपके नजरेच्या अंदाजाने बसवायला जाऊ नका. शेवटच्या दोघांत हमखास फट राहते. ३६० ला वस्तूंच्या संख्येने भागा: बारा असतील तर ३० अंश.

इलस्ट्रेटर या चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू निवडून आर (फिरवण्याचं साधन) दाबा, मग ऑल्ट धरून वर्तुळाच्या मध्यावर क्लिक करा. कोन लिहून ‘कॉपी’ निवडा आणि कंट्रोल-डी दाबत राहा, दरवेळी तीच कृती पुन्हा होते. सात वस्तू असतील तर रकान्यात सरळ ३६०/७ टाका, भागाकार सॉफ्टवेअरच करतं. ५१ टाकलंत तर सात घरांत ३५७ अंशच भरतात आणि उरलेले ३ अंश शेवटच्या फटीत दिसतात.

इंकस्केप या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या वस्तूवर पुन्हा क्लिक केलं की मध्ये छोटं अधिक चिन्ह दिसतं. ते ओढून वर्तुळाच्या मध्यावर ठेवा (स्नॅपिंग, म्हणजे नेमक्या बिंदूला आपोआप चिकटणं, चालू हवं). मग टाइल्ड क्लोन्समध्ये (क्लोन म्हणजे मूळ वस्तूशी जोडलेली प्रत) १ ओळ, १२ स्तंभ, स्तंभामागे ३० अंश फिरकी आणि एक्स शिफ्ट (आडवं सरकणं) उणे १०० टक्के. ही शिफ्ट विसरलात की क्लोन वर्तुळ सोडून भरकटतात. मूळ वस्तू पहिल्या क्लोनखाली तशीच राहते, त्यामुळे रंग अर्धपारदर्शक असेल तर ती जागा गडद दिसते. सगळं पक्कं झाल्यावर क्लोन अनलिंक करून (मूळ वस्तूशी असलेला दुवा तोडून) मूळ वस्तू काढून टाका.

घड्याळाचे आकडे मात्र या पद्धतीने उलटे होतात. त्यासाठी इंकस्केपच्या अरेंज या मांडणीच्या खिडकीतला पोलर (वर्तुळाकार मांडणीचा) टॅब बरा. तिथे वस्तू फिरवण्याची खूण काढली की आकडे सरळ उभे राहतात.