मेरीलँडमध्ये जागा घेताय? रंगीत नकाशाआधी ड्रेनेजची लाइन बघा: या चुका टाळा

इथल्या मराठी मंडळींत कुणी ना कुणी जागा शोधत असतंच. कुणाला डे-केअर काढायचंय, कुणाला रेस्टॉरंट, कुठे पाच-सात कुटुंबं मिळून मंदिरासाठी प्लॉट बघताहेत. एजंट काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) झोनिंगचा, कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचा रंगीत नकाशा उघडतो, हवा तो रंग दिसतो आणि इसार देऊन टाकला जातो. पाण्याची आणि ड्रेनेजची चौकशी मागे पडते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात तिथूनच करा. इथे दुकानं, ऑफिसं, कारखाने कुठे उभे राहणार हे पुष्कळदा जमिनीखालच्या पाइपांनी आधीच ठरवलेलं असतं.

झोनिंग मिळालं म्हणजे काम झालं असं धरून चालणं

मेरीलँडमध्ये प्रत्येक काउंटीला पाणी आणि सांडपाण्याचा वेगळा आराखडा ठेवावा लागतो. त्यात जागेला दोन क्रमांक असतात: पाण्यासाठी डब्ल्यू, सांडपाण्यासाठी एस. माँटगोमेरी काउंटीत एस-१ म्हणजे लाइन आलेली आहे. एस-३ असेल तर साधारण दोन वर्षांत मिळू शकते, एस-४ म्हणजे तीन ते सहा वर्षं, एस-५ म्हणजे सात ते दहा. एस-६ म्हणजे सार्वजनिक लाइन आणायचा बेतच नाही. झोनिंग व्यापारी आणि क्रमांक ५, अशी जागा कागदावर देखणी दिसते, पण लाइनच्या भरवशावर तिथे बांधकाम सुरू होत नाही. क्रमांक बदलून घेता येतो, मात्र तो सहसा काउंटी कौन्सिलने मान्य करावा लागतो आणि त्यावर राज्याच्या पर्यावरण खात्याची संमती लागते.

मंदिरासाठी जागा बघणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. माँटगोमेरीने १९८० साली सुमारे ९३,००० एकर, म्हणजे काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, शेतीसाठी राखून ठेवला. तिथली जमीन स्वस्त वाटते, म्हणून मंडळी तिकडे वळतात. पण प्रार्थनास्थळं आणि खासगी शाळांनाही तिथे ड्रेनेजची लाइन न देण्याचं काउंटीचं धोरण आहे. शेती वाचवायची तर नुसतं झोनिंग पुरत नाही, लाइनच लांब ठेवावी लागते, हे त्यामागचं कारण. मला ते पटतं.

‘लाइन समोरूनच गेलीय’ यावर विसंबणं

सांडपाणी शक्यतो उतारानेच नेतात, म्हणून मुख्य वाहिन्या ओढ्यांच्या काठाने जातात आणि वाटेत अशाही जमिनींतून जातात ज्यांना जोडणी मिळत नाही. त्यातून तुमचा प्लॉट टेकडीच्या पलीकडच्या उतारावर असेल, तर अर्ध्या मैलावरची लाइनही पंपाशिवाय उपयोगाची नाही.

माँटगोमेरीतल्या क्लार्क्सबर्गचं उदाहरण इथल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. १९९४च्या आराखड्यात तिथली वाढ टप्प्याटप्प्याने ठरवली होती. टेन माइल क्रीकचं खोरं शेवटच्या टप्प्यात होतं, आणि तो टप्पा उघडण्याची किल्ली म्हणजे पाणी-सांडपाण्याचे क्रमांक बदलणं. झोनिंग होतं, विकासक तयार होते, पण ओढ्याची तपासणी होऊन कौन्सिल निर्णय घेईपर्यंत लाइन पुढे सरकणार नव्हती. तो ओढा लिटल सेनेका तलावात जातो, आणि दुष्काळात पोटोमॅक नदी आटली की वॉशिंग्टन परिसराची तहान भागवायला हा तलाव राखीव ठेवलेला आहे. शेवटी २०१४ साली कौन्सिलने आराखडा बदलला आणि किती जमीन डांबर, काँक्रीट आणि छपरांखाली जाऊ द्यायची यावर मर्यादा घातली: काही भागांत ६ टक्के, काही भागांत १५ टक्के. वीस वर्षं त्या जमिनींचं भवितव्य एका न टाकलेल्या पाइपावर अडलेलं होतं.

प्रकल्पाची क्षमता एकाच आकड्यात मोजणं

सांडपाणी प्रकल्पात ‘जागा शिल्लक आहे’ असं कळलं की लोक निर्धास्त होतात. खरं तर प्रकल्पाला दोन कुलपं असतात. एक पाण्याच्या प्रमाणाचं, दुसरं त्या पाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसचं. इथलं पाणी शेवटी ज्यात जातं त्या चेसापीक उपसागरासाठी २०१० साली प्रदूषणाची जी कमाल मर्यादा ठरली, तिच्यामुळे हे दुसरं कुलूप पक्कं झालं.

हिशेब करून बघा. दिवसाला १० लाख लिटर पाणी, प्रत्येक लिटरमध्ये ४ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे दिवसाला ४ किलो. उद्या टाक्या वाढवून २० लाख लिटर शुद्ध करायचं ठरवलं तरी ओढ्यात सोडायला परवानगी ४ किलोचीच. मग लिटरमागे २ मिलिग्रॅमवर यावं लागेल. पण मेरीलँडचे सुधारलेले प्रकल्पसुद्धा साधारण ३ मिलिग्रॅमचं लक्ष्य ठेवून बांधलेले आहेत. म्हणून ‘पैसे घाला आणि प्रकल्प वाढवा’ हे उत्तर जिथे तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट: आज वाहणारं पाणी आणि वाटून दिलेली क्षमता वेगळी. मंजूर झालेली पण अजून न बांधलेली घरं त्यांच्या वाट्याचा कोटा धरून बसलेली असतात. वापर ८० टक्क्यांवर गेला की राज्य क्षमतेचं नियोजन मागतं. एका घराचा वाटा बऱ्याच ठिकाणी दिवसाला २५० गॅलन, म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास धरतात. रेस्टॉरंटचा हिशेब खुर्च्यांवर जातो आणि तो चटकन अनेक घरांइतका होतो. दुकानाच्या जागी रेस्टॉरंट काढणारे नेमके इथे अडकतात.

विहिरीचं पाणी ‘लागेलच’ असं मानणं

फ्रेडरिक, कॅरल या काउंटींत खाली बहुतेक ठिकाणी कठीण खडक आहे. पाणी असतं ते त्याच्या भेगांत. दख्खनच्या काळ्या पाषाणात बोअर घेतलेल्या कुटुंबातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको: एका बोअरला धो धो पाणी आणि शेजारचं कोरडं. राज्य परवानगी देताना दुष्काळी वर्षात किती पाणी मुरतं ते बघतं, चांगल्या पावसाचं वर्ष नाही. २००२च्या दुष्काळात फ्रेडरिक शहराला पाण्याअभावी नव्या बांधकामांना आवर घालावा लागला होता.

लाइनऐवजी सेप्टिक टाकीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी पर्क टेस्ट, म्हणजे जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं याची चाचणी, आधी करून घ्यावी. काही काउंटी ती फक्त ओल्या हंगामातच करतात.

काउंटीची स्वतःची चूक

आर्थिक विकासासाठी राखलेल्या पट्ट्यात लाइन टाकायची आणि मग तिथे घरांना मंजुरी देत सुटायचं. घरं लवकर विकली जातात, त्यामुळे कोटा तेच आधी संपवतात, आणि पुढे कारखाना आला की द्यायला क्षमताच उरत नाही. सुनावणीला जाणाऱ्या आपल्या लोकांनी हा प्रश्न जरूर विचारावा: नोकऱ्यांसाठी किती गॅलन बाजूला ठेवले आहेत? नदीपलीकडे व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीने पश्चिमेच्या ग्रामीण भागात मध्यवर्ती पाणी-ड्रेनेज नेलं नाही, आणि पूर्वेला ॲशबर्नच्या बाजूला डेटा सेंटर थंड ठेवायला ब्रॉड रन प्रकल्पातलं शुद्ध केलेलं सांडपाणी वेगळ्या पाइपातून दिलं. पिण्याचं पाणी तेवढं वाचलं.

आधीच अडकला असाल तर

करार अजून पक्का झाला नसेल तर क्षमतेचं लेखी पत्र मिळेपर्यंत इसार परत मिळण्याचं कलम वकिलाकडून घालून घ्या. माँटगोमेरी आणि प्रिन्स जॉर्जेसमध्ये डब्ल्यूएसएससी, म्हणजे तिथलं पाणी-ड्रेनेज सांभाळणारी संस्था, लाइनची तपासणी करून देते. रक्कम भरण्याआधी ही तपासणी मागून घ्या. करार झाला असेल आणि क्रमांक एस-४ किंवा एस-५ असेल, तर काउंटीच्या सहा वर्षांच्या भांडवली कार्यक्रमात (मोठ्या बांधकामांच्या खर्चाच्या आराखड्यात) तुमच्या खोऱ्यातल्या लाइनसाठी खरंच पैसे ठेवलेत का ते शोधा. ठेवले असतील तर थांबण्यात अर्थ आहे. नसतील तर क्रमांक बदलण्याच्या अर्जावर आणि इंजिनियरवर खर्च करण्याआधी काउंटीच्या पाणी-सांडपाणी नियोजकाची वेळ घ्या आणि प्लॉटचा नकाशा सोबत न्या.