ऑफिसबद्दल सोशल मीडियावर लिहायच्या आधी एवढं करा

रागाच्या भरात पोस्ट लिहून झाली असेल तर ती एक रात्र ड्राफ्टमध्येच राहू द्या. गप्प बसा असं मी अजिबात म्हणत नाहीये, बोलायलाच हवं, पण एकदा टाकलेली पोस्ट डिलीट केली तरी कुणाकडे तरी स्क्रीनशॉट असतोच.

पहिलं काम म्हणजे ऑफिसमध्ये लेखी तक्रार, तोंडी नको. सुझन फाउलर या इंजिनिअरने उबर सोडल्यावर फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या लैंगिक छळाबद्दल लिहिलं तेव्हा जग हललं, पुढे बरीच प्रकरणं निघाली आणि जूनमध्ये सीईओ ट्रॅव्हिस कलानिकने राजीनामा दिला, हे सगळ्यांना आठवतं. पण तिने नोकरीत असतानाच चॅटचे स्क्रीनशॉट काढून एचआरकडे तक्रार केली होती, म्हणून तिच्या लिहिण्याला वजन आलं, ते कुणी सांगत नाही.

मग लिहायचं कसं? "आमचा मॅनेजर राक्षस आहे" यातून कुणाला काही कळत नाही, वर बदनामीची नोटीस यायची भीती. त्याऐवजी "तीन महिने ओव्हरटाइमचे पैसे नाहीत, दोनदा मेल केला, उत्तर आलं नाही" एवढंच लिहा. तारखा घाला, विशेषणं काढा. क्लायंटची नावं, आतली कागदपत्रं अजिबात नकोत, तिथे तुमची बाजू खरी असली तरी अडकाल.

ग्लासडोर किंवा ब्लाइंड या कंपन्यांबद्दल निनावी लिहायच्या साइट्सवर नाव दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त लिहितात, पण टीममध्ये चौघंच असतील आणि तुम्ही "शिफ्ट बदलली त्या आठवड्यात" असं लिहिलंत तर कोण ते लगेच कळतं, शिवाय रोज मीटिंगमध्ये बोलता तीच वाक्यं तिथे लिहिलीत तरी ओळख पटते. ऑफिसचा लॅपटॉप आणि वायफाय तर यासाठी वापरूच नका.

आणि शक्यतो एकटे पुढे जाऊ नका. गूगलच्या जवळपास २०,००० कर्मचाऱ्यांनी १ नोव्हेंबर २०१८ ला लैंगिक छळाच्या प्रकरणांवरून काम थांबवलं, त्याची जमवाजमव आधी आतल्या आत झाली होती, आणि आठवड्याभरात कंपनीने अशा तक्रारींसाठी लवादाची सक्ती, म्हणजे कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडेच जायची अट, काढून टाकली. त्यामुळे आधी ज्यांना तोच त्रास आहे अशा दोघातिघांशी बोला, पण तेही ऑफिसच्या चॅटवर नको.

दुसऱ्या कुणी हिमतीने लिहिलं असेल आणि उघड कमेंट करणं तुम्हाला जमणार नसेल, तर निदान त्याला खाजगीत मेसेज करा की माझ्याबरोबरही हेच झालंय.