वाटणीची शाब्दिक उदाहरणे समीकरणाने कशी सोडवावीत

पक्षांतर करणे आणि कंस सोडवणे वाचकाला येते, असे येथे गृहीत धरले आहे. वाटणीच्या उदाहरणात गाडे अडते ते त्याच्या आधी, वाक्याचे समीकरण करताना.

प्रथम क्ष म्हणजे नेमके काय, ते पूर्ण वाक्यात लिहावे: ‘क्ष म्हणजे दुसऱ्याला मिळालेल्या मण्यांची संख्या.’ ज्या वाट्याशी इतरांची तुलना केलेली असते, तोच क्ष मानणे सोयीचे. वाटे २ : ३ : ५ या गुणोत्तरात असतील, तर ते २क्ष, ३क्ष आणि ५क्ष धरावेत, मात्र तेथे क्ष हा कोणाचाच वाटा नसतो, त्यामुळे क्षची किंमत काढून थांबू नये.

‘जास्त’ दिसले की बेरीज आणि ‘कमी’ दिसले की वजाबाकी, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. ‘पहिल्याला दुसऱ्यापेक्षा ८ मणी जास्त मिळाले’ या वाक्यात पहिल्याचा वाटा क्ष धरला, तर दुसऱ्याचा क्ष − ८ होतो. म्हणजे ‘जास्त’ असूनही वजाबाकीच करावी लागते. शब्दाकडे न पाहता मोठा वाटा कोणाचा, एवढेच आधी ठरवावे. दुसऱ्याचा वाटा क्ष धरला, तर ‘दुसऱ्याच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी’ याचाही अर्थ ३क्ष − ४ असाच होतो, ३(क्ष − ४) असा नव्हे, कारण ४ वजा होतात ते तिप्पट करून झाल्यावर.

वाटे एकदाच ठरत असतील, तर पुढे अडचण नाही. ९५ मणी तिघांत वाटताना दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट आणि तिसऱ्याला दुसऱ्यापेक्षा ५ कमी द्यायचे असतील, तर क्ष + २क्ष + (२क्ष − ५) = ९५, म्हणून क्ष = २० आणि वाटे २०, ४०, ३५.

खरी कसोटी लागते ती वाटणी झाल्यावर देवाणघेवाण होते तेव्हा, आणि मला स्वतःला सर्वाधिक छळले ते याच प्रकाराने. दोघांकडे मिळून ८४ मणी आहेत; पहिल्याने दुसऱ्याला ६ मणी दिले, तर पहिल्याकडे दुसऱ्याच्या दुप्पट मणी राहतात. पहिल्याकडे सुरुवातीला क्ष मणी मानले, की बहुतेक जण क्ष − ६ = २(८४ − क्ष) असे लिहून मोकळे होतात. पहिल्याचे ६ गेले हे त्यांच्या लक्षात राहते. ते दुसऱ्याकडे पोहोचले, हे मात्र निसटते. या समीकरणातून ५८ आणि २६ अशा पूर्ण संख्या मिळतात, त्यांची बेरीजही ८४ भरते, आणि म्हणूनच ही चूक फसवी आहे.

यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे: ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने आखावेत. आधी क्ष आणि ८४ − क्ष. नंतर क्ष − ६ आणि ९० − क्ष. दोन्ही रकान्यांची बेरीज ८४ आल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘दुप्पट’ ही अट देवाणघेवाणीनंतरची आहे, म्हणून समीकरण फक्त ‘नंतर’च्या रकान्यातून उचलावे: क्ष − ६ = २(९० − क्ष). येथून क्ष = ६२ मिळते, म्हणजे दुसऱ्याकडे २२. रकाने आखणे बालिश वाटून ते मनातल्या मनात उरकणारेच येथे हमखास घसरतात.

ताळा आपल्या समीकरणात किंमत घालून पाहू नये, कारण चुकीच्या समीकरणाचे उत्तर त्याच समीकरणात बिनतक्रार बसते. मूळ वाक्य वाचत पाहावे. ६२ मधून ६ गेले ५६, २२ मध्ये ६ आले २८, आणि ५६ ही २८ ची दुप्पट आहे. ५८ आणि २६ घेतले तर ५२ आणि ३२ उरतात.

एका प्रकारात मात्र क्ष वाट्याला न मानता माणसांच्या संख्येला मानावे. प्रत्येकाला ५ दिल्यास ३ उरतात आणि ६ दिल्यास ४ कमी पडतात, असे असेल तर वस्तूंची संख्या दोन्ही वेळा तीच राहते, म्हणून ५क्ष + ३ = ६क्ष − ४; माणसे ७, वस्तू ३८.